येमूल सरांची सीलबंद बाटली

आज मी शर्ट खोचून, गळ्यात ओळखपत्र अडकवून मुंबईच्या बंदरावर बसतो आणि क्रूझवर निघालेल्या लोकांना "वेलकम" म्हणतो. यात सगळ्यात मोठं ऋण कुणाचं असेल तर ते प्राध्यापक व्यंकटेश येमूल यांचं. आईवडिलांनी जन्म दिला. शासनाने शिष्यवृत्ती दिली. ती पदवी हातात पडल्यावर आली, पण दिली. बोलायला तोंड मात्र येमूल सरांनी दिलं, आणि तेच तोंड एक दिवस त्यांच्याविरुद्ध वापरायची पाळी माझ्यावर आली.

सर सोलापूरच्या एका कॉमर्स कॉलेजात इंग्रजी शिकवत. कॉमर्सच्या मुलांना इंग्रजीची जेवढी आवड असते तेवढीच सरांना कॉमर्सच्या मुलांची होती. नावं लक्षात ठेवण्याची तसदी ते घेत नसत. गावाच्या नावाने हाक मारत. "ए करमाळा, तोंड मीट बे." "जेऊर, झोप झाली असली तर केमला उठव." केम म्हणजे मी. जेऊर आणि केम ही दोन्ही रेल्वे स्टेशनं, म्हणून आम्हा दोघांना त्यांनी एका बाकावर बसवलं होतं. जेऊरला उत्तर आलं नाही की सर म्हणत, "हितं गाडी थांबत नाही. पुढचं स्टेशन." पुढचं स्टेशन मी. तिथेही गाडी थांबत नसे.

पहिल्या दिवशी त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, कुठून आलास? मी उठून उभा राहिलो आणि छाती फुगवून म्हणालो, "सर, आय ॲम कम फ्रॉम केम." वर्ग हसला. सर हसले नाहीत. "आलास ते दिसतंय की," ते म्हणाले. "आता जरा इंग्रजीपर्यंत ये."

पहिल्याच निबंधावर त्यांनी लाल शाईत शेरा मारला होता: 'विद्यार्थ्याने विचार केलेला दिसतो. कशाचा, ते समजत नाही.' तो कागद घेऊन मी त्यांच्यासमोर उभा राहिलो तेव्हा मला रडू आलं असावं, कारण सर वैतागून म्हणाले, "हितं रडू नको, फरशी ओली होतीय. संध्याकाळी घरी ये."

त्यांचं घर शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात होतं. तिथे दोन वर्षं मी रोज संध्याकाळी गेलो. एकदा धीर करून फीचं विचारलं. सर म्हणाले, "फी दिलीस तर मला नीट शिकवावं लागंल. परवडणार नाही मला."

काकू, म्हणजे लक्ष्मीकाकू, आतल्या खोलीत असत. सरांचं एम.ए. काकूंनी वळलेल्या विड्यांवर झालं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. सरांनाही होतं, पण ते त्याबद्दल बोलत नसत. काकू मला 'तम्मी' म्हणत. तेलुगूत धाकट्या भावाला तसं म्हणतात. मी निघालो की भाकरी आणि चिंचेचं सार पुढे करत आणि म्हणत, "खा. त्यांचं बोलणं पोटात घेऊन झोपू नको, पचत नाही ते." काकू कमी बोलत. पण त्या बोलल्या की सरांचं पुढचं वाक्य अर्धंच राहत असे.

सरांचा स्वभाव त्यांच्या पिशवीवरून कळायचा. सोलापुरी चादरीच्या कापडाची ती पिशवी ते कुठेही बरोबर नेत, कारण जगात दुसऱ्याची कुठलीही वस्तू त्यांच्या कसोटीला उतरत नसे. कॉलेजचा खडू त्यांना चालत नव्हता, "हा लिहीत नाही, फळ्याला ओरबाडतो." चहाच्या टपरीवर ते स्वतःचा स्टीलचा पेला नेत. टपरीवाल्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणत, "तुझा कप चांगलाय. लोकांची तोंडं चांगली नाहीत." लग्नाला गेले की पंगतीत बसून पिशवीतली शेंगा चटणीची पुडी सोडत. एकदा मुलीच्या बापाने हात जोडून विचारलं, "सर, जेवणात काही कमी हाय का?" सर म्हणाले, "कमी काहीच नाही. चव सोडून."

आता सीलबद्दल. सर कॉलेजच्या परीक्षा केंद्राचे वरिष्ठ पर्यवेक्षक होते. पेपर संपला की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कापडी पिशवीत जात, सुतळी बांधली जाई, गाठीवर मेणबत्तीवर वितळवलेली लाल लाख पडे आणि त्यावर पितळी शिक्का. हे काम सरांनी शिपायाला कधी करू दिलं नाही. कॉलेजच्या लाखेला ते गूळ म्हणत. स्वतःची आणत. सर लाख ओतायला लागले की खोलीत कुणी मोठ्याने श्वास घेत नसे. त्यांनी बंद केलेल्या गठ्ठ्याबद्दल विद्यापीठाने कधी एक अक्षर विचारलं नाही, आणि सरांच्या आयुष्यातला हा एकमेव असा अभिमान होता की ज्याच्यावर ते स्वतःही विनोद करत नसत.

हळूहळू ही सवय घरात शिरली. लोणच्याची बरणी सील झाली. गावाला जाताना कपाटाला कुलूप न लावता ते सुतळी गुंडाळून लाख ओतू लागले. शिक्का त्यांनी स्वतःचा करून घेतला होता, त्यावर नावाची आद्याक्षरं. मी म्हणालो, सर, लाख तर कुणीही तोडेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा पहिल्या दिवसाच्या बाकावर गेलो. "कुलूप चोराला अडवतं, सील सज्जनाला. माझ्याकडं सज्जनच येतात. तू येतोस तो अपवाद."

तर असे हे सर साठीकडे झुकताना वाइन करायला लागले.

बार्शी रस्त्यावर त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची द्राक्षबाग होती. निर्यातीच्या मालातून मागे राहिलेली काळी द्राक्षं तो पाटीभर आणून देई. सरांनी ग्रंथालयातून एक पुस्तक आणलं, त्याच्या लेखकाच्या चुका लाल शाईत काढल्या आणि चिनीमातीच्या बरणीत काम सुरू केलं. हे कायद्यात बसतं का, असं मी विचारलं नाही. प्रश्न विचारायला सरांनीच शिकवलं होतं. कुठला विचारू नये तेही त्यांनीच. कुणी त्याला दारू म्हटलं तर मात्र चिडत. "दारू नव्हे बे. द्राक्षांचं पदव्युत्तर शिक्षण."

पहिल्या वर्षी द्राक्षांनी शिक्षण अर्धवट सोडलं. सरांनी घाईने बाटल्या भरून कपाटात ठेवल्या, कपाट अर्थातच सील केलं, आणि नेमके त्याच आठवड्यात काकूंचे भाऊ पाहुणे आले. जेवण चाललं असताना कपाटात एकामागोमाग बुचं उडाली. भाऊ ताटावरून उठून दारामागे गेले. "बावा," त्यांनी तिथून दाजींना तेलुगूत हाक मारली, "आवाज कशाचा?" सर शांतपणे भात कालवत म्हणाले, "निकाल लागायलाय." कपाटाच्या दाराच्या फटीतून जांभळा ओघळ आला तेव्हा काकूंनी फडकं आणून सरांच्या मांडीवर टाकलं. फरशी सरांनी पुसली.

नंतर मात्र त्यांना जमलं. मी प्यायलो आहे. चांगली होती. मी तसं म्हणालो तर सर म्हणाले, "तुझ्या मताला काय किंमत? तू केमचं पाणी प्यायलेला."

याच काळात मला नोकरीची मुलाखत आली. एका क्रूझ कंपनीला बंदरावरच्या काउंटरसाठी माणसं हवी होती. आईला कळेना. "बोटीवर जायचं व्हय रं? तुला पवाया कुटं येतंय?" मी तिला सांगितलं, मी जमिनीवरच बसणार आहे. तयारी सरांनी करून घेतली. मी काउंटर, ते चिडलेला प्रवासी. यात त्यांना अभिनय करावा लागला नाही. आठ दिवस त्यांनी माझ्यावर इंग्रजीत आरडाओरडा केला. एक गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा घोटून घेतली. "सॉरी आधी, नो नंतर. मधी हसायचं नाही. हसलास की माणसाला वाटतं अजून वाव हाय."

मला नोकरी लागली. मी पेढे घेऊन गेलो. सरांनी एक उचलला, फिरवून पाहिला आणि म्हणाले, "कंपनीची कीव येते."

सर निवृत्त झाले तेव्हा आम्ही जुन्या मुलांनी सत्कार केला. शाल दिली. सर भाषणात म्हणाले, "माझ्या घराच्या चारी बाजूंनी माग आहेत आणि तुम्ही मला पांघरूण देताय. इंग्रजीबरोबर भूगोलही कच्चा राहिला." कार्यक्रम संपल्यावर घरी जाऊन मी त्यांना माझी भेट सांगितली. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना मिळणाऱ्या सवलतीत मी त्या दोघांसाठी क्रूझची सहल धरली होती. नात्याच्या रकान्यात 'वडील' लिहिलं होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही.

"बोटीवर काय असतं बे?" सरांनी विचारलं.

"सगळं असतं सर."

"मग माझी काय गरज?"

"मी जाणार आहे," आतून आवाज आला. काकू दारात आल्या होत्या. "मी समुद्र बघितला नाही. परीक्षा संपल्यावर जाऊ, असं लग्नापासून ऐकते. आता तुमच्या परीक्षा संपल्या."

सरांचं पुढचं वाक्य अर्धंच राहिलं. नंतर काकूंनी एक नवी हिरवी इरकल साडी घेतली, आणि गल्लीत ज्या बायका भेटतील त्यांना सांगितलं, समुद्रावर नेसायला घेतली आहे.

कंपनीची इंग्रजी नियमावली मी सरांना पाठवली. ती त्यांनी शुद्धलेखन तपासून परत पाठवली आणि वर फोन केला. "प्रत्येक प्रौढ प्रवाशाला वाइनची एक सीलबंद बाटली नेता येते, असं लिहिलंय."

"हो सर. जेवणाच्या टेबलावर उघडली तर वर थोडा आकार पडतो."

"पडू दे की. त्यांची कशी प्यायची? कुणी केली, कशाची केली, काय पत्ता?"

मला वाटलं, सर दुकानातून बाटली घेतील. येमूल सर दुकानातून काही विकत घेतील असं मला वाटावं, यावरून शिष्य म्हणून माझी लायकी कळावी.

त्या दिवशी टर्मिनलवर गर्दी होती. सर पांढऱ्या शर्टात, काकू नव्या इरकलमध्ये, आणि मध्ये ती पिशवी. तपासणीच्या पट्ट्यावरून पिशवी पुढे सरकली आणि तिथल्या जवानाने तिच्यातून एक बाटली काढून उजेडात धरली. सरबताची जुनी बाटली. कागद चिकटवून त्यावर सरांच्या सुवाच्य अक्षरात 'काळी द्राक्षे, बार्शी रस्ता'. बुचावर सुतळी, सुतळीवर लाल लाख, लाखेवर शिक्का.

"ये क्या है बाबा, दवाई?"

"वाइन," सर म्हणाले. "सील्ड."

जवानाने बाटली माझ्या काउंटरवर आणून ठेवली. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती आणि आमच्या वरिष्ठ डिसूझा मॅडम चार पावलांवर उभ्या होत्या. मी बाटलीकडे पाहिलं. अशी सुबक लाख मी पुन्हा पाहिलेली नाही.

"सर, ही नेता येणार नाही."

"का? नियम वाच. सीलबंद म्हटलंय. कंपनीचं सील पाहिजे असं कुठं लिहिलंय?"

खरंच लिहिलेलं नव्हतं. नियम लिहिणाऱ्याला सोलापूर माहीत नव्हतं.

"सर, सील म्हणजे कारखान्यातलं, असं धरतात."

"विद्यापीठानं माझ्या सीलवर पोरांची आयुष्यं सोडली. तुझ्या बोटीला एक बाटली सोडवंना?"

मागची रांग कुरकुरू लागली. मी म्हणालो, बाटली माझ्याकडे ठेवा, पावती देतो, परत आलात की जशीच्या तशी मिळेल. सरांचा चेहरा लाल झाला. उत्तरपत्रिका सांभाळणाऱ्याची वस्तू कुणीतरी सांभाळून ठेवणार, हे त्यांना गठ्ठ्याचं सील फुटल्यासारखं वाटलं असावं. डिसूझा मॅडम जवळ आल्या. सर त्यांना इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, हा माझा विद्यार्थी आहे. तो आत्ता तुम्हाला सांगेल की येमूलचं सील म्हणजे काय."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. काकू कुणाकडेच बघत नव्हत्या. काचेपलीकडे जहाज होतं, त्या तिकडे बघत होत्या.

मी उभा राहिलो. "सॉरी सर," मी म्हणालो, "नो." मध्ये हसलो नाही.

सर मराठीत म्हणाले, "मी तुला इंग्रजी शिकवलं ते मला नो म्हणायला?" त्यांनी बाटली उचलली. "लक्ष्मी, चल. आपण जात नाही."

काकूंनी पर्समधून आपलं बोर्डिंग कार्ड काढलं. "तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. "बाटली एकटी कशी राहील?" आणि माझ्याकडे वळून, "तम्मी, रस्ता कुठला?"

मी हाताने दाखवला. काकू निघाल्या. सर रांगेवरून ओरडले, "अगं, चटणी माझ्याकडं आहे!"

"तिथं सगळं असतं म्हणे," काकू न थांबता म्हणाल्या.

इरकलचा तो पदर वळणावर दिसेनासा झाला. सर खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसले. गर्दी ओसरल्यावर मी त्यांच्यापाशी गेलो. "सर, गेट बंद व्हायला वेळ आहे. बाटली द्या माझ्याकडे. काकू एकट्या आहेत."

"विचार करतो," सर म्हणाले.

ते गेट बंद होईपर्यंत विचार करत होते. बाटली मांडीवर होती आणि अंगठा लाखेवर. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की या माणसाला बरोबर असण्याची किती किंमत पडत आली असेल, आणि ती दर वेळी कुणी भरली असेल.

संध्याकाळी जहाज हललं. डेकवर माणसंच माणसं होती. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "केम, तुझे डोळे चांगले आहेत. रेलिंगपाशी आहे का ती?"

खरं तर एवढ्या लांबून मला चेहरे ओळखू येत नव्हते, पण त्या हिरव्या इरकलबद्दल शंका नव्हती. "आहेत सर."

"पदर डोक्यावरनं घेतलाय का? वारं असंल."

"घेतलाय."

"इकडं बघायलीय का?"

"समुद्राकडे बघतायत."

सरांनी मान हलवली, जणू एखाद्याने अपेक्षित उत्तर दिलं आहे आणि गुण द्यावे लागणार आहेत. मग पिशवी उचलून ते स्टेशनकडे निघून गेले. बाटली त्यांनी काखेत धरली होती. ते मला अजून तसेच दिसतात, टॅक्सीवाल्यांना हाताने बाजूला सारत पाठमोरे जाताना.

सहल संपवून काकू उतरल्या तेव्हा त्यांचा चेहरा उन्हाने रापला होता आणि त्या खुशीत होत्या. त्यांना गाडीत बसवायला मी स्टेशनवर गेलो. त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्या रात्री झोप लागली नाही, दुसऱ्या दिवशी एका गुजराती बाईला त्यांनी तेलुगू गाणं शिकवलं. गाडी सुटायच्या वेळी खिडकीतून वाकून म्हणाल्या, "तम्मी, समुद्र लई मोठा आहे रे. बघताना दर वेळी वाटायचं, आता हे काहीतरी तिरकं बोलतील. कुणी बोललंच नाही. करमलं नाही मला. हे त्यांना सांगू नको हं. सांगितलंस तर डोक्यावर बसतील."

त्यानंतर सरांनी माझा फोन उचलला नाही. माझी नोकरी कायम झाली तेही त्यांनी ऐकून घेतलं नाही. शेवटी मी पत्र लिहिलं.

आदरणीय सर,
सा. न.

फोन उचलत नाही म्हणून लिहितो आहे. चुका लाल शाईत दाखवून परत पाठवलंत तरी मला पत्र आल्यासारखं वाटेल.

त्या दिवशी मी चुकलो असं मी लिहिणार नाही, कारण ते तुम्हाला खोटं वाटेल आणि तुम्ही समासात तसं लिहाल. पुन्हा आलात तर पुन्हा अडवीन. तुम्ही अपमान झाला म्हणता असं काकूंकडून कळलं. सर, त्या काउंटरवर मी रोज मोठमोठ्या माणसांना नाही म्हणतो आणि घरी येऊन जेवतो. तुम्हाला म्हणालो त्या दिवशी जेवलो नाही. एवढाच फरक मला करता आला.

तुमची वाइन चांगली आहे. ती बोटीवर जाणार नाही. पण बोट ज्या समुद्रात जाते तो आमच्या खोलीच्या गच्चीवरून दिसतो, आणि गच्चीवर कंपनीचा कुठलाही नियम नाही. तुम्ही दोघं एक दिवस आधी या. बाटली आणा. सील तुमच्या हाताने तोडा. दुसऱ्या दिवशी मोकळ्या हाताने चढा.

पुढच्या सहलीची जागा मी काकूंसाठी धरली आहे. त्यांनी स्वतः सांगितलं म्हणून धरली. तुमची धरायची की नाही ते कळवा. नाही कळवलंत तरी त्या जाणार आहेत.

आणखी एक. समुद्रावर काय झालं ते काकूंनी मला स्टेशनवर सांगितलं, आणि तुम्हाला सांगायचं नाही असं बजावलं. मी सांगणार नाही. तुम्ही त्यांनाच विचारा. पण विचारताना, सर, त्याआधी काही बोलू नका. नुसतं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

आपला,
दत्तात्रय